हॉर्नचा उपास

पाडवा झाला, तशी कुमुदिनीनं मासळीची कढई
घासून माळ्यावर चढवली,
आणि मी वेताच्या काठीचे रंगीत गोंडे उन्हात घातले.
लईराईचा धोंड म्हणून हे अठरावं वर्ष.
पोट मात्र यंदा पहिल्यांदाच
स्टिअरिंगला टेकायला लागलेलं.

डिचोलीच्या दोतोर कार्व्हालोनं रिपोर्ट वाचला,
साखरेच्या आकड्याखाली दोन रेघा ओढल्या.
वाटलं, आता व्रत बंद म्हणणार.
म्हणाला, "मी पण चाळीस दिवस फेणी सोडली होती.
वजन दोन किलो उतरलं,
डोकं मात्र रोज संध्याकाळी चढायचं.
एकदा तर नर्स रडत घरी गेली.
पोटाबरोबर आणखी काय उपाशी ठेवणार, ते ठरवून ये."
आणि चिठ्ठीवर, गोळ्यांच्या नव्या वेळांखाली:
पहाटे चालणे. भर उन्हात नाही.
हात थरथरला तर देवीला विचारत बसू नये. खावे.

बावीस वर्षं डिचोली–म्हापसा मारतोय.
डेपोत गाडी पुसताना लक्षात आलं,
बांगड्यापेक्षा चवीनं मी काय खातो ते.
अंगठ्याखालीच होतं.

पहिल्याच दिवशी अस्नोड्याला
खनिजाचा ट्रक असा आडवा आला
की शिवी दातांखाली कचकन लागली, भातातल्या खड्यासारखी.
सगुण कंडक्टर मागून ओरडला, "किदें रे, हॉर्न मेलो?"
"उपास आहे त्याचा."
अख्खी बस हसली. मासेवाल्या पाट्यांसकट हसल्या,
आणि पाटीतला वास उठून
माझ्या सीटपाशी येऊन बसला, बिनतिकिटाचा.

आंधळ्या वळणावर वाजवायचो.
पण औषधासारखा, एकदाच.

पहाटे साडेचारला चालायला निघायचो.
चार दिवस कुत्री भुंकली,
पाचव्या दिवसापासून बरोबर यायला लागली.
वाटेवर काजूची बोंडं फुटलेली, आंबूस गोड;
पोटऱ्या अशा धरायच्या की जिना उतरताना
मी नव्या नवरीसारखा जपून.
पट्टा एक भोक आत गेला.
कुमुदिनी म्हणाली, "घोरणं कमी झालंय."
मग ताटात मुगागाठी वाढता वाढता, हळू:
"ताटावर बसून ओरडणंही."
घोरतो हे मला ठाऊक होतं.

शेवटचे पाच दिवस शिरगावात, झरीजवळच्या मांडवात.
पुनाजी गावस आमच्यात सगळ्यात म्हातारा,
माझं साखर मोजायचं यंत्र बघून म्हणाला,
"सोवळ्यात आणलंस, तर धुऊन घे."
"धुता येत नाही."
"मग माझ्यासारखं उन्हात ठेव. आपोआप शुद्ध होतं."

जत्रेची रात्र. दिवसभर नुसतं लिंबूपाणी.
लाकडांची रास चढत चाललेली,
गळ्यात मोगरीच्या कळ्यांची माळ, गार,
आणि काठी हातात असूनही गोंडे हलायला लागले.
वारा नव्हता.
यंत्र म्हणालं, एकसष्ट.
अठरा वर्षांत जे केलं नाही ते कसं करू,
म्हणून मी देवळाच्या कळसाकडे बघत राहिलो,
तेवढ्यात पुनाजीनं सोललेलं केळं हातात ठेवलं.
"दोतोराची चिठ्ठी काय म्हणते?"
खाल्लं. दोन घासांत.
"मोडला ना रे उपास?"
"मला काय विचारतोस? मला मोतीबिंदू.
अंधारात मी काही बघितलं नाही."

निखाऱ्यांवरून गेलो.
त्याबद्दल सांगण्यासारखं काही नसतं.

सोमवारी पहिली फेरी. कढई खाली उतरलेली,
डब्यात सुक्या बांगड्याची किसमूर,
आणि अस्नोड्याच्या अलीकडे भर रस्त्यात एक वासरू,
बसलेलं, रवंथ करत.
व्रत तर संपलेलं.
अंगठा हॉर्नवर गेला.
आरशात सगुण बघत होता. मासेवाल्याही.

वासराला उठायला
जेवढा वेळ लागायचा तेवढा लागला.